डीएनएसवरचे हल्ले ट्रॅफिकमधून कसे ओळखायचे: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नेटवर्क सुरक्षेच्या कामात नव्याने आलेल्या माणसाला डीएनएसचं, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचं, ट्रॅफिक तपासायला सांगितलं की तो वायरशार्क हे पॅकेटं दाखवणारं साधन उघडतो, डीएनएसचा फिल्टर लावतो आणि समोरून सरकणाऱ्या हजारो ओळींकडे बघत बसतो. प्रत्येक ओळ सुटी घेतली तर अगदी साधी असते: कुणीतरी नाव विचारलं, कुणीतरी पत्ता सांगितला. यात हल्ला शोधायचा कुठे?

हल्ला एकट्या पॅकेटमध्ये क्वचितच सापडतो. तो हिशेबात सापडतो. कुणी विचारलं, किती विचारलं, त्यातली किती नावं पहिल्यांदाच विचारली, किती वेळा 'असं नाव नाही' असा नकार आला आणि न विचारता किती उत्तरं आली, एवढे पाच आकडे हाताशी असले की निम्मं काम झालं म्हणा. खालचे टप्पे त्या आकड्यांपर्यंत पोहोचण्यासाठी आहेत. पहिले चार कंटाळवाणे वाटतील, पण ते गाळून पुढे गेलात तर पुढच्या एकाही निष्कर्षावर भरवसा ठेवता येणार नाही.

सुरू करण्याआधी काय हवं

- लेखी परवानगी. कोण कुठली नावं विचारतं यावरून माणसाचा आजार, नोकरीचा शोध, श्रद्धा, सगळं कळतं. कुठलं ट्रॅफिक पकडणार, किती दिवस ठेवणार आणि कोण बघणार, हे कागदावर आणून घ्या.
- नेटवर्कचा नकाशा आणि तुमच्या अधिकृत रिझॉल्व्हरच्या, म्हणजे मशीनच्या वतीने नावांची उत्तरं शोधून आणणाऱ्या सर्व्हरच्या, आयपी पत्त्यांची यादी.
- डीएचसीपीचे, म्हणजे मशीनना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेचे, लॉग. ज्या पत्त्यावर आज संशय आहे तो काल दुसऱ्याच मशीनकडे असू शकतो.
- पकडण्यासाठी टीसीपीडंप, डोळ्यांनी बघण्यासाठी वायरशार्क, पॅकेटांवरून लॉग तयार करण्यासाठी झीक. ठरावीक नियमांवर इशारे हवे असतील तर सुरिकाटा. स्वतः क्वेरी पाठवून खात्री करण्यासाठी डिग.
- सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने (वेळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) जुळवलेली. दोन ठिकाणच्या नोंदी जुळवताना काही सेकंदांचा फरकही घोळ घालतो.

१. पॅकेटमधलं नेमकं काय वाचायचं

डीएनएसचा आजचा मूळ आराखडा १९८७ मध्ये आरएफसी १०३४ आणि १०३५ या दोन दस्तऐवजांत ठरला. त्यातलं सगळं पाठ करायची गरज नाही. तपासणीत सहा गोष्टी लागतात: ट्रान्झॅक्शन आयडी (क्वेरी आणि तिचं उत्तर जुळवणारा क्रमांक), विचारलेलं नाव, रेकॉर्डचा प्रकार, रिस्पॉन्स कोड, उत्तराचा आकार आणि टीटीएल.

रिस्पॉन्स कोडपैकी चार ओळखीचे करून घ्या. ० म्हणजे सगळं ठीक, २ म्हणजे सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर मिळवता आलं नाही), ३ म्हणजे एनएक्सडोमेन आणि ५ म्हणजे रिफ्यूज्ड (सर्व्हरने उत्तर द्यायचंच टाळलं). एनएक्सडोमेन म्हणजे ते नावच अस्तित्वात नाही. कोड ० आणि उत्तराचा भाग रिकामा, याचा अर्थ वेगळा: नाव आहे, पण मागितलेल्या प्रकारचा रेकॉर्ड नाही. आयपीव्ही६ चा पत्ता नसलेल्या साइटसाठी अशी रिकामी उत्तरं दिवसभर येत असतात. या दोन्हींची एकत्र मोजणी केली की पुढचं सगळं गणित चुकतं.

टीटीएलचंही तसंच. आयपी हेडरमधला टीटीएल म्हणजे पॅकेटने आणखी किती टप्पे ओलांडायचे ते. डीएनएस रेकॉर्डमधला टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद कॅशेत (पुन्हा वापरण्यासाठीच्या साठ्यात) ठेवायचं ते. तपासणीत दोन्ही कामाला येतात, म्हणून टिपणात कुठला टीटीएल ते दर वेळी लिहा.

२. कुठून पकडायचं ते आधी ठरवा

या कामातली सगळ्यात महत्त्वाची निवड हीच. फायरवॉलच्या बाहेर किंवा इंटरनेटच्या तोंडाशी पकडलंत तर तुम्हाला एकच विचारणारा दिसेल: तुमचा रिझॉल्व्हर. आतल्या पाचशे मशीनपैकी कुणी ते नाव मागितलं हे तिथे कळत नाही, कारण रिझॉल्व्हर सगळ्यांच्या वतीने स्वतःच्या पत्त्यावरून विचारतो. शिवाय कॅशेतून दिलेली उत्तरं तिथवर पोहोचतच नाहीत.

उलट फक्त आतल्या बाजूला, म्हणजे मशीन आणि रिझॉल्व्हर यांच्यामध्ये पकडलंत तर कोण विचारतंय ते स्वच्छ दिसतं. पण बाहेरून रिझॉल्व्हरवर खोट्या उत्तरांचा मारा होत असेल तर त्याचा मागमूसही लागत नाही.

म्हणून शक्य असेल तर दोन्ही बाजूंना पकडा. एकच जागा मिळत असेल तर आतली घ्या, कारण संसर्ग झालेलं मशीन शोधणं हे रोजचं काम आहे. स्विचवर मिरर पोर्ट (बाकी पोर्टवरच्या ट्रॅफिकची प्रत देणारा) घेणार असाल तर त्या पोर्टवर भार वाढला की पॅकेटं गळतात आणि गळल्याचं कुणी सांगत नाही. टीसीपीडंप बंद करताना शेवटी गळलेल्या पॅकेटांचा आकडा देतं, तो दर वेळी टिपून ठेवा. मात्र त्या आकड्यात स्विचवर गळलेली पॅकेटं येत नाहीत. त्यासाठी स्विचचे काउंटर वेगळे बघावे लागतात.

रिझॉल्व्हर तुमच्या ताब्यात असेल तर डीएनएसटॅप सुरू करता येतं. बाइंड आणि अनबाउंड या दोन्ही रिझॉल्व्हर सॉफ्टवेअरांत ती सोय आहे. त्यात रिझॉल्व्हर स्वतःच प्रत्येक क्वेरी आणि रिस्पॉन्सची नोंद देतो.

३. पकड अर्धवट राहू देऊ नका

'पोर्ट ५३' (डीएनएसचा नेहमीचा पोर्ट) एवढाच फिल्टर लावून बहुतेक जण निश्चिंत होतात. त्यात तीन भोकं आहेत.

पहिलं भोक टीसीपीचं. यूडीपी आणि टीसीपी या पाठवण्याच्या दोन रीतींपैकी डीएनएस म्हणजे फक्त यूडीपी असं धरून काही जण यूडीपीपुरतंच पकडतात. मूळ नियमाप्रमाणे यूडीपीवरचं उत्तर ५१२ बाइटपर्यंतच असायचं. पुढे ईडीएनएस या विस्तारामुळे मोठी उत्तरं चालू लागली, पण उत्तर मावलं नाही तर सर्व्हर 'ट्रंकेटेड' हा फ्लॅग लावतो आणि विचारणारा तीच क्वेरी टीसीपीवर पुन्हा करतो. पूर्ण झोन ट्रान्सफरही (डोमेनच्या सगळ्या नोंदी एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे नेणं) टीसीपीवरच होतो.

दुसरं भोक फ्रॅगमेंटचं, आणि हे जास्त फसवं आहे. यूडीपीवरचं मोठं उत्तर तुकड्यांत विभागलं गेलं की पोर्ट क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यात असतो. उरलेले तुकडे 'पोर्ट ५३' या फिल्टरमध्ये बसत नाहीत, त्यामुळे ते पकडलेच जात नाहीत. अँप्लिफिकेशन हल्ल्यात (आठवा टप्पा बघा) नेमके हेच तुकडे ढिगाने येतात. फिल्टरमध्ये 'किंवा फ्रॅगमेंट ऑफसेट शून्य नसलेली पॅकेटं' अशी अट जोडा.

तिसरं व्हीलॅनचं, म्हणजे एकाच स्विचवर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कचं. मिरर पोर्टवर येणाऱ्या फ्रेमवर व्हीलॅनचा टॅग असेल तर साधा पोर्टचा फिल्टर बऱ्याचदा काहीच पकडत नाही. फाइल रिकामी येते आणि आपण समजतो की ट्रॅफिकच नाही. फिल्टरमध्ये व्हीलॅनचा उल्लेख करून दोन्ही प्रकार घ्या.

आणखी एक बारीक गोष्ट. सर्व्हरवरच पकडताना बाहेर जाणाऱ्या पॅकेटांचे चेकसम (वाटेतली चूक ओळखण्यासाठीचे आकडे) चुकीचे दिसतात. ते गणित नेटवर्क कार्ड नंतर करतं म्हणून तसं दिसतं, तो हल्ला नव्हे.

फाइली तासाला किंवा ठरावीक आकाराला बदलत्या ठेवा, नाहीतर डिस्क भरेल. मूळ पॅकेटं थोडे दिवस ठेवली तरी चालतात, झीकचा डीएनएस लॉग मात्र शक्य तितका जास्त ठेवा. तो लहान असतो, आणि महिन्यांपूर्वीचं नाव शोधायची वेळ आली की तोच कामाला येतो.

४. नेहमीचं ट्रॅफिक मोजा

निदान एक पूर्ण आठवडा काहीही शोधू नका, फक्त मोजा. सुट्टीचे दिवस आणि रात्री त्यात आल्या पाहिजेत, कारण कामाच्या वेळेचा आणि रात्री दोनचा आकडा एकाच मापाने तोलता येत नाही.

प्रत्येक मशीनसाठी तासागणिक एवढं काढा: एकूण क्वेरी, वेगवेगळी नावं, एनएक्सडोमेनचं प्रमाण, टीएक्सटी (मजकुराचा रेकॉर्ड) प्रकाराच्या क्वेरींचं प्रमाण, नावांची सरासरी लांबी. मग मशीनचे गट पाडा. मेल सर्व्हर, वेब प्रॉक्सी, लोकांचे लॅपटॉप आणि कॅमेरे यांचं वागणं एकमेकांशी जुळत नाही. मेल सर्व्हर टीएक्सटी रेकॉर्ड भरपूर मागतो, कारण मेल खरा आहे का हे पारखणारे एसपीएफ आणि डीकेआयएम तपासायला तेच लागतात. तोच आकडा एखाद्या कॅमेऱ्याकडून आला तर लगेच उठून बघायला हवं.

नावं एकत्र करताना नोंदणी झालेल्या डोमेनपर्यंत कापून मोजावी लागतात, म्हणजे एकाच डोमेनखालची सगळी सबडोमेन एका खात्यात पडतात. इथे शेवटचे दोन भाग घ्या, असा सोपा नियम लावू नका. 'को डॉट इन' किंवा 'को डॉट यूके' खालच्या हजारो वेगवेगळ्या साइट त्यामुळे एकच डोमेन ठरतील. पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची खुली यादी याचसाठी आहे, ती वापरा.

५. डेटाची चोरवाट: टनेलिंग

या प्रकारावर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगतो, कारण तो नीट कळला की बाकीचे सोपे जातात.

बरीच नेटवर्क बाकी पुष्कळ काही अडवतात, पण डीएनएस सोडतात. हल्लेखोर स्वतःचं एक डोमेन घेतो आणि त्याचा अधिकृत सर्व्हर (त्या डोमेनखालच्या नावांची मूळ उत्तरं देणारा) स्वतः चालवतो. आतलं संसर्ग झालेलं मशीन चोरायची माहिती अक्षरांत रूपांतरित करून सबडोमेन म्हणून विचारतं. तुमचा रिझॉल्व्हर ती क्वेरी इमानेइतबारे हल्लेखोराच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवतो. उत्तरातून उलट दिशेने आज्ञा येतात, बहुधा टीएक्सटी, सीनेम किंवा नल प्रकारच्या रेकॉर्डमधून.

आता याच्या मर्यादा बघा, कारण त्यातूनच खुणा मिळतात. एका लेबलला (नावातल्या दोन बिंदूंमधल्या भागाला) जास्तीत जास्त ६३ बाइट आणि पूर्ण नावाला २५५ बाइट मिळतात. बेस३२ मध्ये, म्हणजे माहिती ३२ चिन्हांत लिहायच्या रीतीत, एका अक्षरात पाच बिट मावतात. हल्लेखोराचं डोमेन आणि मधले बिंदू वजा केले तर एका क्वेरीत फार तर १४० बाइटच्या आसपास माहिती जाते. म्हणजे एक मेगाबाइटची फाइल बाहेर न्यायला सात हजारांहून जास्त क्वेरी लागतात. अक्षरं कितीही वेषांतर करोत, हा ढीग लपत नाही.

दुसरी मर्यादा कॅशेची. तेच नाव दुसऱ्यांदा विचारलं तर रिझॉल्व्हर कॅशेतून उत्तर देईल आणि निरोप हल्लेखोरापर्यंत जाणारच नाही. त्यामुळे टनेलमधलं जवळजवळ प्रत्येक नाव नवं असावं लागतं. एका डोमेनखालची वेगवेगळी नावं भागिले एकूण क्वेरी हे गुणोत्तर काढा. रोजच्या साइटसाठी ते बरंच कमी असतं, टनेलसाठी एकच्या अगदी जवळ जातं.

तिसरी मर्यादा: बाहेरचा सर्व्हर आपणहून आत बोलू शकत नाही. आज्ञा आली आहे का हे आतल्या मशीनलाच पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. म्हणून माणूस घरी गेल्यावरही, काहीच काम चालू नसताना, क्वेरींची धार चालू राहते.

हे वाचून सोडू नका, स्वतः करून बघा. बाकीच्या नेटवर्कपासून तोडलेली दोन आभासी मशीन घ्या, आयोडीन नावाचं टनेल करणारं खुलं साधन बसवा, मधून एक लहान फाइल पाठवा आणि सगळं पकडा. एक सूचना: दोन्ही मशीन एकमेकांना थेट पोहोचत असतील तर आयोडीन आपणहून थेट यूडीपीच्या रीतीवर उडी मारतं आणि तुम्हाला खरं टनेल दिसतच नाही, वायरशार्कमध्ये नुसती बिघडलेली डीएनएस पॅकेटं दिसतात. ती उडी बंद करायचा पर्याय 'आर' या अक्षराचा आहे. तो दिल्यावर पुन्हा पकडा. लांबलचक नावांची, जवळपास सारख्या मापाची रांग डोळ्यांसमोर येईल. हे चित्र एकदा बघितलं की विसरत नाही.

नावातली अक्षरंही बोलतात. प्रमाणित बेस३२ मध्ये ए ते झेड आणि २ ते ७ एवढीच चिन्हं येतात. शेकडो नावांत ०, १, ८ आणि ९ एकदाही आले नाहीत, तर ती गोष्ट आपोआप घडलेली नसते. आयोडीनच्या स्वतःच्या बेस३२ मध्ये ए ते झेड आणि ० ते ५ येतात. डीएनएसकॅट२ हे टनेलचं दुसरं साधन हेक्स वापरतं, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ.

एन्ट्रॉपीबद्दल, म्हणजे अक्षरांच्या विस्कळीतपणाच्या मापाबद्दल, सावध राहा. इंटरनेटवर सगळीकडे 'एन्ट्रॉपी अमुकच्या वर गेली की इशारा द्या' असा सल्ला मिळतो. पण सोळा अक्षरी लेबलची एन्ट्रॉपी चार बिटच्या वर जाऊच शकत नाही, आणि निव्वळ हेक्सची तर लांबी कितीही असली तरी चारच्या वर जात नाही. लांबीचा विचार न करता एकच उंबरठा ठेवला तर लहान लेबलवालं टनेल सुटतं आणि निरुपद्रवी लांब नावं अडकतात. मी एन्ट्रॉपी फक्त शेवटी, क्रम लावण्यासाठी वापरतो.

आणि संख्येवर सर्वस्वी विसंबूही नका. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणातल्या सनबर्स्ट या मालवेअरने सुरुवातीचे सुमारे दोन आठवडे काहीच हालचाल केली नाही, आणि नंतर मोजक्याच क्वेरींच्या सबडोमेनमधून बळी ठरलेल्या संस्थेच्या आतल्या डोमेनचं नाव बाहेर पाठवलं. असा सावकाश प्रकार ढिगाच्या मोजणीत येत नाही. त्यासाठी 'आपल्या नेटवर्कमध्ये हे डोमेन आज पहिल्यांदा दिसलं' अशी रोजची यादी ठेवावी लागते, आणि लॉग जुने असावे लागतात.

६. नकारांची रांग: आपोआप तयार होणारी डोमेन

या प्रकारचं मालवेअर आपल्या मालकाचा पत्ता कोडमध्ये लिहून ठेवत नाही, तर तारखेवरून शेकडो नावं तयार करतं आणि एकेक विचारत जातं. मालकाने त्यातलं एखादंच नोंदवलेलं असतं. कॉन्फिकर या मालवेअरच्या पहिल्या आवृत्त्या दिवसाला २५० नावं तयार करायच्या, २००९ च्या आवृत्तीत हा आकडा ५०,००० वर गेला.

खूण सरळ आहे: एकाच मशीनकडून वेगवेगळ्या डोमेनसाठी एनएक्सडोमेनची झड लागते. टनेलमध्ये डोमेन एक आणि सबडोमेन अनेक असतात, इथे डोमेनच अनेक. झडीकडे बघत बसू नका. तिच्या मधोमध किंवा शेवटी ज्या एका नावाला खरं उत्तर मिळालं ते शोधा, आणि त्या पत्त्याशी पुढे जोडणी झाली का ते झीकच्या कनेक्शन लॉगमध्ये बघा.

७. निर्दोष असूनही संशयित दिसणारे

वरचे दोन टप्पे लावल्यावर पहिल्याच दिवशी शंभर इशारे येतील आणि त्यातले बहुतेक खोटे असतील. नेहमीचे चेहरे ओळखून ठेवा.

काही अँटीव्हायरस फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) सबडोमेनमध्ये घालून आपल्या सर्व्हरला विचारतात. ते तंतोतंत टनेलसारखं दिसतं. मेल सर्व्हर स्पॅमच्या काळ्या याद्या डीएनएसवरूनच तपासतो: पाठवणाऱ्याचा आयपी उलटा लिहून नाव बनवतो, आणि तो पत्ता यादीत नसेल तर एनएक्सडोमेन येतं, म्हणजे नकार हीच तिथे चांगली बातमी. सीडीएनची (साइटचा मजकूर जवळच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवांची) नावं लांब आणि विचित्र असतात.

क्वेरीत मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेडीवाकडी मिसळलेली दिसली की नवखे घाबरतात. काही रिझॉल्व्हर मुद्दाम असं करतात. उत्तरात तीच मिसळ परत आली नाही तर ते उत्तर खोटं, अशी ती पडताळणी आहे. मोजणीआधी सगळी नावं लहान अक्षरांत आणा.

ठरावीक अंतराने येणाऱ्या क्वेरीही फसवतात. बरोबर साठ सेकंदांनी एखादं नाव विचारलं जातंय म्हणून मालवेअर म्हणण्याआधी त्या रेकॉर्डचा टीटीएल बघा. तोही साठ असेल तर कॅशेची मुदत संपतेय आणि कुठलं तरी साधं ॲप पुन्हा विचारतंय, एवढाच अर्थ.

पडताळून निर्दोष ठरलेल्यांची यादी करा, पण डोमेन आणि मशीनचा गट अशा जोडीने करा. नुसतं डोमेन सोडून दिलंत तर उद्या तीच पळवाट होईल.

८. पुराचे हल्ले: कोण बळी, कोण हत्यार

अँप्लिफिकेशनमध्ये हल्लेखोर बळीचा पत्ता स्वतःचा म्हणून लिहितो आणि उघड्या (कुणालाही उत्तर देणाऱ्या) रिझॉल्व्हरना लहानशी क्वेरी पाठवतो. मोठं उत्तर बळीच्या दारात पडतं. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या सायबर सुरक्षा यंत्रणेने डीएनएससाठी ही वाढ २८ ते ५४ पट नोंदवली आहे. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवर झालेला सुमारे ३०० गिगाबिट प्रतिसेकंदाचा हल्ला याच पद्धतीचा होता.

तुम्ही बळी असाल तर: सोर्स पोर्ट ५३ असलेली मोठी उत्तरं येतात आणि त्यांच्या जोडीची क्वेरी तुमच्याकडून गेलेलीच नसते. सोबत फ्रॅगमेंटचा ढीग असतो. इथे तिसऱ्या टप्प्यातली काळजी फळते.

तुमचा सर्व्हर हत्यार म्हणून वापरला जात असेल तर: एकाच बाहेरच्या पत्त्याच्या नावाने तीच ती क्वेरी सेकंदाला अनेकदा येते, प्रकार बहुधा एनी, टीएक्सटी किंवा डीएनएसकी, आणि बाहेर जाणारे बाइट आत आलेल्या बाइटच्या कितीतरी पट असतात. तो पत्ता हल्लेखोराचा नव्हे, बळीचा आहे. त्याला 'हल्लेखोर' म्हणून कळवू नका. रिझॉल्व्हर फक्त आपल्या लोकांपुरता ठेवा आणि अधिकृत सर्व्हरवर रिस्पॉन्स रेट लिमिटिंग (उत्तरांच्या वेगावर मर्यादा) सुरू करा.

दुसरा पूर वेगळ्या जातीचा. एकाच डोमेनखाली हजारो अर्थहीन सबडोमेन अनेक मशीनकडून विचारली जातात. कॅशेत त्यातलं काहीच नसतं, म्हणून सगळा भार त्या डोमेनच्या अधिकृत सर्व्हरवर पडतो. मिराय या बॉटनेटच्या (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्याच्या) कोडमध्ये हा हल्ला तयारच होता, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला याच बॉटनेटने डाइन या डीएनएस कंपनीला गाठलं तेव्हा ट्विटरसारख्या मोठ्या साइट कित्येक तास उघडत नव्हत्या. रिझॉल्व्हरच्या बाजूने बघताना सुरुवातीला एनएक्सडोमेन वाढतात. पलीकडचा सर्व्हर कोलमडला की तेच सर्व्हफेलमध्ये बदलतात. टनेलशी गल्लत होऊ नये म्हणून विचारणारे मोजा. टनेलला एकदोन मशीन पुरतात, इथे ती पुष्कळ असतात आणि उत्तरांत उपयोगाची माहिती नसते.

९. खोटी उत्तरं आणि वळवलेली वाट

कॅशे पॉयझनिंगमध्ये हल्लेखोर खऱ्या सर्व्हरच्या आधी खोटं उत्तर पोहोचवतो. ट्रान्झॅक्शन आयडी १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की दर वेळी नवं सबडोमेन विचारत राहिलं तर कॅशेची मुदत संपायची वाट बघावी लागत नाही आणि अंदाज लागेपर्यंत प्रयत्न करत राहता येतात. तेव्हापासून रिझॉल्व्हर सोर्स पोर्टही यादृच्छिक ठेवतात. तुमचा ठेवतो का ते आत्ताच तपासा: बाहेर जाणाऱ्या क्वेरींचे सोर्स पोर्ट विखुरलेले दिसले पाहिजेत. मधला एखादा नॅट राउटर (आतले पत्ते आणि पोर्ट बदलून बाहेर पाठवणारा) ते पुन्हा क्रमाने लावून संरक्षण पातळ करतो, म्हणून ही तपासणी नॅटच्या बाहेरच्या बाजूलाही करा.

हल्ल्याची खूण रिझॉल्व्हरच्या बाहेरच्या बाजूला दिसते: एका क्वेरीसाठी उत्तरांचा सडा, आयडी जुळत नाहीत, चुकीच्या पोर्टवर आलेल्यांना रिझॉल्व्हर 'पोर्ट पोहोचत नाही' अशी आयसीएमपी उत्तरं देतो. एकाच क्वेरीला दोन उत्तरं, मजकूर वेगळा आणि आयपी हेडरमधला टीटीएलही वेगळा, हे दिसलं तर वाटेत कुणीतरी घुसलंय हे जवळपास नक्की समजा.

डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल स्वाक्षरी करायची सोय) पडताळणाऱ्या रिझॉल्व्हरवर स्वाक्षरी असलेल्या डोमेनचं खोटं उत्तर सर्व्हफेल होऊन अडतं. पण सर्व्हफेल दिसला की हल्ला, असं नाही. डोमेनच्या मालकाने स्वाक्षरीची मुदत संपू दिली तरी तेच होतं, आणि हे वारंवार घडतं. उत्तरात विस्तारित त्रुटी कोड असेल तर त्यात कारण सापडतं.

वाट वळवण्याचा प्रकार त्या मानाने सोपा आहे. मालवेअर मशीनच्या सेटिंगमधला रिझॉल्व्हरच बदलतं. डीएनएसचेंजर या मालवेअरने असं जवळपास चाळीस लाख मशीनवर केलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ते सर्व्हर ताब्यात घेतले आणि लोकांचं इंटरनेट एकदम बंद पडू नये म्हणून पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवले. ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: अधिकृत यादीबाहेरच्या कुठल्या पत्त्याच्या पोर्ट ५३ वर आतून ट्रॅफिक जातंय का? हा इशारा सगळ्यात आधी लावा. लावायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

१०. कूटबद्ध डीएनएस आल्यावर

डीएनएस ओव्हर टीएलएस पोर्ट ८५३ वर चालतं, ते निदान वेगळं दिसतं. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस पोर्ट ४४३ वरच्या साध्या वेब ट्रॅफिकमध्ये मिसळून जातं आणि नावं दिसत नाहीत. तरी दोन वाटा उरतात. एक, ज्ञात सार्वजनिक रिझॉल्व्हरच्या पत्त्यांशी होणाऱ्या जोडण्या. दुसरी मला जास्त उपयोगी वाटते: ज्या बाहेरच्या पत्त्याशी मशीन जोडलं गेलं, तो पत्ता तुमच्या रिझॉल्व्हरने अलीकडे कुठल्याच उत्तरात दिलेला नाही. म्हणजे त्या मशीनने नाव दुसरीकडे कुठेतरी विचारलं, किंवा पत्ता आधीच त्याच्याकडे होता.

संस्थेच्या मशीनवर रिझॉल्व्हर धोरणानेच ठरवून द्या. स्वतःचा रिझॉल्व्हर कूटबद्ध ठेवून त्याच्या आत डीएनएसटॅप चालवलं तर लोकांची गोपनीयताही राहते आणि तुमची नजरही.

११. सापडल्यावर काय करायचं

घाईने डोमेन अडवू नका. अडवलं की हल्लेखोराला कळतं, आणि मशीन दुसऱ्या डोमेनकडे वळू शकतं. आधी संबंधित पॅकेट फाइल वेगळी काढून तिचा हॅश घ्या, डीएचसीपी लॉगवरून त्या वेळी तो पत्ता कुठल्या मशीनचा होता ते नक्की करा, आणि जुन्या लॉगमध्ये तेच डोमेन इतर कुणी विचारलंय का ते बघा. बऱ्याचदा दुसरं मशीन इथेच सापडतं. डेटा भराभर बाहेर जात असेल तर मात्र थांबू नका, मशीन नेटवर्कवरून लगेच तोडा, पण बंद करू नका, कारण बंद केल्यावर मेमरीतला पुरावा जातो.

संशयित नाव डिगने तपासायचं असेल तर ते संस्थेच्या नेटवर्कमधून विचारू नका. तुमची क्वेरीही हल्लेखोराच्या अधिकृत सर्व्हरपर्यंतच जाते.

अहवालात एवढं असावं: पहिल्यांदा आणि शेवटचं कधी दिसलं, कुठलं मशीन, कुठलं डोमेन, किती क्वेरी, किती वेगळी नावं, दोन्ही दिशांना अंदाजे किती बाइट गेले, त्या मशीनचा नेहमीचा आकडा काय, आणि पकड कुठून घेतली होती. शेवटची नोंद बरेच जण विसरतात आणि मग दुसऱ्या कुणाला तेच आकडे पुन्हा काढून बघता येत नाहीत.